पाठ धरल्यावर परत डेडलिफ्ट मारायचा तर

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं आहे: वय ३१, चार वर्षं वजनं उचलतोयस, १५० किलोच्या डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं) तिसऱ्या रेपमध्ये, म्हणजे तिसऱ्यांदा उचलताना, कमरेत कट्‌ झालं, पुढचे दोन दिवस मोजा घालायलासुद्धा वाकता येईना, मग एमआरआय काढला त्यात एल५-एस१ ची, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची, गादी थोडी बाहेर आलेली निघाली. आता अडीच महिने झाले, रोजच्या कामात काही दुखत नाही, पण मधल्या काळात दोनदा जिमला जाऊन बघितलं आणि दोन्ही वेळा पाठ परत धरली. डॉक्टर म्हणतात वजन उचलणं आता विसरा, ट्रेनर म्हणतो काही होत नाही, बेल्ट लाव आणि उचल, आणि आता कोणाचं ऐकावं हे तुला कळत नाहीये.

दोघांचंही नको. वयाने तू बराच लहान आहेस म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नको. मी गेली अठरा वर्षं लोकांना बार उचलायला शिकवतोय, त्यातली निम्मी वर्षं तरी दुखापतीतून परत येणाऱ्यांबरोबर गेलीत, शेजारी फिजिओ असायचा त्यामुळे त्याच्याकडूनही बरंच उचललं, आणि माझी स्वतःची पाठ तीन वेळा धरलेली आहे. त्यातली पहिली वेळ जड वजनाला होती, बाकीच्या दोन्ही वेळा "आज एकदम बरं वाटतंय" अशा दिवशी. तुझंही बहुतेक तेच झालंय, कारण तू लिहिलंयस की दोन्ही वेळा जिमला गेलास तेव्हा आधीचे चार-पाच दिवस अजिबात दुखलं नव्हतं. तर मुद्दा तोच आहे, दुखऱ्या दिवसाला माणूस आपसूक सांभाळून असतो, घात होतो तो बऱ्या दिवशी.

पण त्याआधी एक गोष्ट क्लिअर करून घे, कारण ही चुकली तर पुढचं सगळं फुकट. लघवी सुरू करायला त्रास होणं किंवा नकळत होऊन जाणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन मांड्यांच्या मधला भाग, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तो, बधिर वाटणं, दोन्ही पायांत एकदम कळा जाणं, यातलं काहीही असेल तर फिजिओ नाही, ट्रेनर नाही, थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी, आणि उद्या सकाळी नाही, त्याच रात्री. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो तो दाबला गेला की असं होतं आणि तिथे उशीर झाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं. हे फार कमी जणांना होतं पण होतं. तसंच ताप, कारण नसताना वजन उतरणं, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, या सगळ्यांत आधी डॉक्टर.

यातलं काही नसेल तर घरच्या घरी दोन गोष्टी करून बघ. टाचांवर दहा-बारा पावलं चाल, पंजे वर उचललेले ठेवून. मग एका पायावर उभा राहून टाच उचलायची, भिंतीला बोट टेकव फक्त तोल सांभाळायला, वीसेक वेळा, मग दुसरा पाय. टाचांवर चालताना एक पंजा खाली लोंबत असेल, किंवा पायाचा अंगठा वर ओढायला एका बाजूला जोरच लागत नसेल तर एल५ ची शीर, एका पायाची पोटरी सातव्या-आठव्याला गळपटत असेल तर एस१. दुखण्यापेक्षा ही ताकद जाणं जास्त महत्त्वाचं. कळ पायात जातेय पण ताकद शाबूत आहे यात घाबरण्यासारखं फार नसतं, ताकद उतरत चाललीय तर मात्र परत डॉक्टरकडे जायलाच हवं, मग दुखणं कितीही कमी झालेलं असो.

आता तो एमआरआय. तू रिपोर्टमधले तीन शब्द तीन वेळा लिहिलेयस त्यावरून कळतंय की ते डोक्यात घट्ट बसलेत. पाठ कधीच न दुखलेल्या लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, तीन हजारांच्या वर माणसं होती त्यात, आणि तिशीतल्या धडधाकट लोकांपैकी ४० टक्क्यांच्या गादीला फुगवटा होता, ५२ टक्क्यांच्या गाद्या झिजायला लागल्याचं दिसत होतं. पन्नाशीत फुगवट्याचं तेच प्रमाण ६० टक्के. म्हणजे तुझा स्कॅन अपघाताच्या आदल्या दिवशी काढला असता तरी कदाचित तेच दिसलं असतं. याचा अर्थ तुझं दुखणं खोटं आहे असा नाही, गादीमुळेही असू शकेल, पण "गादी सरकली" हे ऐकून माणसाला वाटतं की साबणाची वडी निसटावी तसं काहीतरी निसटलंय आणि आता कोणीतरी ते आत ढकलून द्यायला पाहिजे, तसं नसतं. गादी दोन मणक्यांना पक्की चिकटलेली असते, सरकत वगैरे नाही, फुगते किंवा तिचं बाहेरचं आवरण फाटून आतला गर बाहेर येतो. आणि गंमत अशी की जितका जास्त गर बाहेर येतो तितकी शरीर तो स्वतःच शोषून घेण्याची शक्यता जास्त असते, पूर्ण सुटलेला तुकडा बऱ्याचदा काही महिन्यांत विरघळून जातो आणि साधा फुगवटा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो, बिनदुखता. त्यामुळे फुगवटा गेला का हे बघायला परत परत स्कॅन काढू नको. मी पाहिलंय की दुसऱ्या स्कॅनने लोक बरे होत नाहीत, फक्त जास्त घाबरतात.

पहिल्या आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही कारण तू ते पार केलंयस. एवढंच की परत कधी धरली तर अंथरुणाला खिळून राहू नको. १९८६ च्या एका ट्रायलमध्ये दोन दिवस आराम केलेले आणि सात दिवस आराम केलेले यांची तुलना केली होती, सात दिवसवाल्यांना जास्तीचा काही फायदा नाही झाला, उलट त्यांच्या कामाचे दिवस जास्त बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या अभ्यासात तर झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे सगळ्यात आधी बरे झाले, आराम करणाऱ्यांच्याही आणि मुद्दाम पाठीचे व्यायाम करणाऱ्यांच्याही आधी. गोळ्यांचं म्हणशील तर साधी पॅरासिटामॉल यात जवळपास निरुपयोगी, २०१४ च्या मोठ्या ट्रायलमध्ये गोळी घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले आणि नुसती साखरेची गोळी घेणारे १६. सूज कमी करणाऱ्या गोळ्या थोडं काम करतात पण पोटाला त्रास देतात, डॉक्टरला विचारूनच. आणि एक माझं स्वतःचं, पेनकिलर घेऊन जिमला जायचं नाही, कधीच नाही, आगीची घंटा बंद करून स्वयंपाक केल्यासारखं आहे ते.

आता मुख्य. "किती आठवड्यांनी परत सुरू करू" असं तू विचारलंयस, पण कॅलेंडर बघून ठरवायची ही गोष्ट नाही. माझ्याकडे एक साधं माप आहे आणि ते मला तुझ्याच वाक्यातून परत आठवलं, पायातला मोजा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाने, उभ्याने किंवा खुर्चीत बसून, मोजा घालताना पाठ काय म्हणते ते रोज एका वहीत लिही. शून्य ते दहा. बस एवढंच. शून्य म्हणजे पाठीची आठवणच आली नाही, दहा म्हणजे मोजा राहू दे. जिममध्ये सेट चालू असताना कसं वाटतंय हे फारसं भरवशाचं नसतं, अंग गरम असतं, गाणी चालू असतात, शेजारी कोणीतरी बघत असतो. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. आज उचललं, उद्या सकाळचा आकडा रोजच्याइतकाच किंवा कमी, तर कालचा डोस झेपला. आकडा दोनने वाढला आणि दिवसभरात खाली नाही आला, तर डोस जास्त झाला, पुढच्या वेळी कमी. उचलताना दहापैकी दोन-तीनपर्यंत जाणवलं तर चालतं, तेवढ्याने काही फाटत नाही, मात्र कळ कमरेतून निघून खाली पायाकडे जायला लागली तर तो सेट तिथेच थांबवायचा. उलटं झालं, म्हणजे पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कुल्ल्यात, आणि मग फक्त कमरेतच उरली, तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी ते चांगलं लक्षण. न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५० च्या दशकात पेशंटमध्ये ही गोष्ट टिपली होती आणि आजही फिजिओ दुखणं कुठल्या दिशेला सरकतंय तेच आधी विचारतात.

सकाळवरून आठवलं. रात्रभर आडवं राहिल्यावर गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणूनच सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो, आणि फुगलेली गादी वाकवली की तिच्या आवरणावर ताण जास्त येतो. उठल्यावर पहिले दोन तास कमरेतून वाकणं टाळायला सांगितलं तर नुसत्या तेवढ्याने जुनाट पाठदुखीवाल्यांचं दुखणं कमी झालं असं १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तू लिहिलंयस की ऑफिसच्या आधी पहाटे साडेपाचला जिमला जातोस. पुढचे चार महिने तरी संध्याकाळी जा, किंवा सकाळीच जायचं असेल तर डेडलिफ्ट त्या दिवशी ठेवू नको. आणि उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरून पाठ "मोकळी" करायची सवय असेल तर ती आजपासून बंद. त्या ताणाने पाच मिनिटं छान वाटतं, दुपारपर्यंत परत कडक, मग परत ताणायचं, हे चक्र मी इतक्या लोकांत बघितलंय की आता नवीन माणूस आला की आधी हेच विचारतो.

बार हातात घ्यायच्या आधी एक काठी घे. झाडूची दांडी चालेल. पाठीमागे उभी धर, एक हात मानेमागे, एक कमरेमागे, आणि काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली पाठ, आणि कमरेखालचं माकडहाडाच्या वरचं सपाट हाड. कमरेच्या खळगीत काठी आणि पाठ यांच्यामध्ये तुझ्या हाताची बोटं जेमतेम जातील एवढी फट असते. आता गुडघे किंचित सैल सोड आणि मागे कारचं दार कुल्ल्याने ढकलून बंद करायचंय अशा पद्धतीने कुल्ला मागे ने. वाकत जाताना ती फट तेवढीच राहिली पाहिजे. फट बंद होऊन बोटं चेमटली म्हणजे कमर गोल झाली, फट वाढून अख्खा पंजा जायला लागला म्हणजे तू कमर उलटी वाकवतोयस, आणि हे दुसरं जास्त लोक करतात कारण कोणीतरी त्यांना "छाती बाहेर, पाठ सरळ" एवढंच सांगितलेलं असतं. जिथे फट बदलते तिथे थांब, ती तुझी आजची खोली. एका मुलाला मी हे करायला लावलं तेव्हा त्याची काठी गुडघ्यांपर्यंत हात पोचायच्या आत सुटत होती, आणि हाच मुलगा जमिनीवरून १६० उचलत होता. म्हणजे प्रत्येक रेपचा खालचा निम्मा भाग तो कमरेने करत होता, मांड्यांनी नाही.

हे वाचून आता असं समजू नको की कमर एक मिलिमीटर जरी वाकली तरी संपलं. मोजमाप केलं तर एकदम सरळ दिसणाऱ्या पाठीतही डेडलिफ्टच्या तळाशी थोडा वाक असतोच. पाठ वाकण्यासाठीच बनलीय. प्रश्न एवढाच की दुखावलेली जागा सध्या चिडलेली आहे, आणि जडाखाली वारंवार त्याच वाकात नेलं की ती चिडलेलीच राहते. काही महिन्यांनी तीच पाठ सगळं सहन करते.

काठीबरोबर रोज तीन व्यायाम. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीवर अनेक वर्षं काम केलं, त्यांचे हे तीन: कर्ल-अप, साइड प्लँक (कुशीवर कोपराच्या आधाराने अंग सरळ धरायचं), बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ करायचा). कर्ल-अप म्हणजे सिट-अप नाही. पाठीवर झोपायचं, एक गुडघा उभा, दोन्ही हात कमरेच्या खळगीखाली, आणि डोकं-खांदे जमिनीवरून जेमतेम सुटतील एवढंच उचलून दहा सेकंद धरायचं. खांद्याखालून कागद ओढून काढता यावा इतपत, त्याहून वर आलास तर तो सिट-अप झाला आणि सिट-अप सध्या तुला चालणार नाही. पहिल्या सेटला सहा, मग चार, मग दोन, प्रत्येक दहा सेकंदांचा. कंटाळवाणं आहे. पण पाठीला आत्ता जोरापेक्षा दमाची गरज आहे, दहाव्या मिनिटालाही तिने तसंच धरून ठेवलं पाहिजे. हे करून कोणाची पाठ लोखंडाची झाली नाही, हे फक्त दार उघडतं, आत जायला वजनच उचलावं लागतं, आणि इथे बऱ्याच लोकांची दुसरी चूक होते, ते वर्षभर चटईवरच राहतात.

चालणं हे मात्र सोडू नको. रोज, दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, हात हलवत, जरा झपाझप. हे सांगितल्यावर लोकांचा चेहरा कसा होतो ते माहितेय मला, १५० उचलणाऱ्याला चालायला सांगतात म्हणून. पण २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक ट्रायल आली, ७०१ जण, सगळे नुकतेच पाठदुखीतून उठलेले, अर्ध्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि फिजिओने मधेमधे मार्गदर्शन केलं. चालणाऱ्यांची पाठ परत धरायला मध्यक (म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाला) २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२. एवढ्या स्वस्त गोष्टीत एवढा फरक मी दुसऱ्या कशात पाहिला नाही.

आता बार. सुरुवात कधी करायची तर काठीची फट हात गुडघ्याखाली जाईपर्यंत टिकते, मोज्याचा आकडा सलग दोन आठवडे दोनच्या खाली आहे, आणि बाकाच्या कडेवरून कमरेपासून वरचं अंग हवेत आडवं धरून, पाय कोणीतरी दाबलेले, एक मिनिट टिकता येतंय, या तिन्ही गोष्टी झाल्या की. स्वीडनमध्ये पाठदुखीच्या पेशंटना डेडलिफ्टच व्यायाम म्हणून दिला होता, त्यातही ज्यांचं दुखणं सुरुवातीला कमी होतं आणि या आडव्या धरण्याच्या टेस्टमध्ये जे जास्त टिकत होते त्यांनाच डेडलिफ्टचा जास्त फायदा झाला. म्हणजे डेडलिफ्ट विषही नाही आणि सगळ्यांना सगळ्या वेळी औषधही नाही.

मोठ्या प्लेट लावलेला बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. ही उंची काही तुझं शरीर बघून ठरवलेली नाही, प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर आहे म्हणून ती तेवढी. त्यामुळे जमिनीवरूनच उचललं पाहिजे असा काही नियम नाही, स्पर्धेत उतरत नसशील तर मुळीच नाही. बार ब्लॉकवर किंवा रॅकच्या पिनांवर ठेव, गुडघ्याच्या जरा खाली येईल असा, आणि ४० किलोने सुरू कर. हो, ४०. पाच रेप्सचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची, उंची तरी नाहीतर वजन तरी. वजन दर वेळी पाच किलोने वाढव, ७० पर्यंत गेलं की परत ५० वर ये आणि बार पाच सेंटिमीटर खाली घे. असं करत जमिनीपर्यंत पोचायला तुला साधारण तीन महिने लागतील आणि त्या वेळी बारवर फार तर ७० असतील. तिथून पुढे दर आठवड्याला अडीच किलो. १५० च्या ८० टक्क्यांना, म्हणजे १२० ला, पोचलास की तीन-चार आठवडे तिथेच मुक्काम कर, वाढवू नको. आकडे तुझ्या वहीप्रमाणे मागेपुढे होतील, क्रम मोडू नको.

आणि इथेच तो बरा दिवस येतो. सातव्या-आठव्या आठवड्यात कधीतरी ६५ किलो कागदासारखे वाटतील. मोज्याचा आकडा शून्य. माझ्या दुसऱ्या वेळी असंच होतं, ठरलेले तीन सेट झाले, अजिबात काही नाही, मग वाटलं एक शंभरचा बघू, तो गेला, मग १२० चा, तोही गेला, खुशीत बार उतरवायला घेतला आणि एका हाताने २० ची प्लेट ओढून वळून स्टँडला लावताना धरली. १२० च्या बाराने नाही, वीसच्या प्लेटने. दमलेली पाठ, एक हात, वळलेली कंबर, आणि मन घरी पोचलेलं. म्हणून दोन गोष्टी: ठरलेल्यापेक्षा एक किलोही जास्त नाही, कितीही बरं वाटो, बरं वाटणं हा जास्तीचा सेट मारायचा परवाना नाही, ते तुझ्या ठरलेल्या डोसने काम केल्याची पावती आहे. आणि प्लेट काढणं, डंबेल जमिनीवरून घेणं, बाटली उचलणं, हे सगळं सेटमध्येच धर, तसाच कुल्ला मागे, तसंच पोट घट्ट, प्लेट दोन्ही हातांनी आणि पावलं फिरवून, कमर फिरवून नाही.

पोट घट्ट म्हणजे आत ओढलेलं नाही. कोणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून जे आपोआप होतं ते, चहूबाजूंनी, कमरेच्या मागेसुद्धा. श्वास छातीत नाही, पोटात खाली घे, धर, उचल, वर गेल्यावर सोड. बेल्टचं काम एवढंच की पोटाला ढकलायला भिंत मिळते आणि आतला दाब वाढतो. ढकलताच येत नसेल तर बेल्ट म्हणजे नुसता पट्टा. तुझ्या ट्रेनरला वाईट वाटेल, पण १०० किलोच्या आत बेल्ट लावूच नको, आधी त्याशिवाय शिक. बीपीचा त्रास असेल तर हे श्वास रोखणं डॉक्टरला विचारून.

स्क्वॉटचं, म्हणजे वजन घेऊन बैठका मारण्याचं, सोपं आहे, बऱ्याच जणांची पाठ त्याला डेडलिफ्टपेक्षा लवकर हो म्हणते. डंबेल छातीशी धरून, मागे बाक ठेवून, बाकाला टेकून उठायचं, मग हळूहळू बाक कमी उंचीचा. खाली जाताना एका ठिकाणी कुल्ला आत वळतो आणि कमर गोल होते, आरशात बाजूने बघ किंवा मोबाइलवर शूट कर, त्याच्या दोन बोटं वर थांबायचं. आणि लेग प्रेस, म्हणजे टेकून बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन, "सेफ" म्हणून करतोयस ना, तो बंद कर. पाठ मशीनला टेकलेली असते म्हणून सगळ्यांना वाटतं सुरक्षित, पण गुडघे छातीकडे आले की कुल्ला सीटवरून उचलला जातो आणि दीडदोनशे किलोखाली नेमकी तीच गोल कमर होते जी तू टाळतोयस. मी तर म्हणेन तुझ्या दोन रिलॅप्सपैकी एक तरी याचा असेल, कारण तू लिहिलंयस की दुसऱ्या वेळी डेडलिफ्ट केलाच नव्हता, फक्त "पायाच्या मशीन" केल्या. एका पायाचे स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) कर त्याऐवजी, कमी वजनात मांड्या थरथरतात आणि पाठीला पत्ताही लागत नाही. वरच्या अंगाचं सगळं चालू ठेव, फक्त रोईंग, म्हणजे वजन पोटाकडे ओढायचा व्यायाम, उभ्याने वाकून करण्याऐवजी बाकावर छाती टेकून.

मधे कधीतरी परत चमक भरेल. भरेलच असं नाही पण तयारी ठेव, कारण तेव्हा माणूस शून्यावर जातो, "संपलं माझं" म्हणून महिनाभर घरी बसतो. शून्यावर जायचं नाही. वरचे धोक्याचे प्रकार नाहीत ना ते बघ, त्या दिवशी चाल, दोन-तीन दिवस नुसतं चटईवरचं कर, आणि पुढची ठरलेली तारीख चुकवू नको, जा, पण वजन निम्मं आणि बार एक पायरी वर. बहुतेक वेळा दोन आठवड्यांत तू होतास तिथे परत असतोस. पहिल्या वेळी अडीच महिने लागले म्हणून दर वेळी अडीच महिने लागत नाहीत.

ऑपरेशनचं विचारलंयस. तुझ्या लक्षणांना आत्ता कोणी शहाणा सर्जन सुरी लावणार नाही. पायात जबरदस्त कळ आहे आणि ती सहा-आठ आठवड्यांनीही हटत नाही अशांसाठी तो विषय असतो. नेदरलँड्समध्ये २००७ ची ट्रायल आहे, पायात तीव्र कळा असलेले २८३ जण, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरं वाटतंय म्हणत होते, आणि थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांनी मधल्या काळात शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं. म्हणजे कळ सोसवते का हा प्रश्न जास्त, पाठ वाचवायचा कमी. पायाची ताकद जात असेल किंवा लघवीचा प्रकार असेल तर ही सगळी चर्चा बाद, तिथे घाईच करायची.

आणि "आता कधीच पूर्वीसारखं होणार नाही का" याला उत्तर म्हणून एकच माणूस सांगतो. ब्रायन कॅरोल नावाचा अमेरिकन पॉवरलिफ्टर, मणक्यांना आणि त्यांच्या खालच्या सेक्रमच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या, हाडालाही इजा झालेली, २०१३ मध्ये मॅकगिल यांच्याकडे गेला तेव्हा करिअर संपल्यात जमा होतं. वजनं पूर्ण खाली ठेवून हेच कंटाळवाणे व्यायाम केले, आणि २०२० मध्ये त्याने १३०६ पाउंड म्हणजे ५९२ किलोचा स्क्वॉट मारला. वजन उचलायला मदत करणारा घट्ट सूट घालून, मान्य आहे. तू तो नाहीस आणि मीही नाही, आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, पण "विसरा आता" म्हणणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवायला बरं उदाहरण आहे.

आज रात्री बार, बेल्ट, प्रोग्रॅम काही शोधत बसू नको. आधी ते टाचांवर चालणं आणि एका पायावर टाच उचलणं दोन्ही बाजूंनी करून बघ, उजव्या-डाव्यात फरक वाटला तर हे सगळं बाजूला ठेवून न्यूरोचं, म्हणजे नसांचं, चेकअप करून घे. फरक नसेल तर वहीत तारीख घाल आणि उद्या सकाळी मोजा घालताना पहिला आकडा लिही.